न्हाणीच्या पाण्याची बारी

लग्न होऊन आळ्याला येईपर्यंत मी झाडाला कधी पाणी घातलं नव्हतं. हे सांगितलं की इथल्या बायका अजून हसतात, पण खरं आहे. आमच्या तळेघरच्या बाजूला झाडांना पाणी पाऊस घालतो. एकदा लागला की असा लागतो, की माणसाला एकच काम उरतं, रोप बुडू द्यायचं नाही. म्हणून आई घरामागच्या परड्यात मातीचे उंच ढीग करायची, त्यात राख आणि शेण कालवायची आणि ढिगाच्या डोक्यावर काकडीचं, दोडक्याचं बी टोचायची. पाणी चारी अंगांनी वाहून जायचं, मूळ कुजायचं नाही. दिवाळीनंतर वेल वाळले की परडं पुढच्या पावसापर्यंत मोकळं. सातवीत माझी शाळा सुटली तेव्हा मला लिहिता-वाचता येत होतं, भात लावता येत होता आणि हे ढीग घालता येत होते. एवढंच घेऊन मी सासरी आले.

सासर म्हणजे खरं तर सासरही नाही. माझे यजमान आळेफाट्याला गॅरेजात ट्रकची कामं करायचे. त्यांना राहायला जागा नव्हती म्हणून त्यांच्या आत्यांनी आळ्यातल्या आपल्या घरामागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. भाडं नाही, वेगळी चूलही नाही. "आठ मान्सांत दोन काय जड हायेत का?" असं आत्या म्हणाल्या आणि विषय संपला. घरात आत्या, त्यांचे मालक म्हणजे मामा, त्यांचा मुलगा म्हणजे माझे भाऊजी, त्याची बायको म्हणजे माझ्या जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आणि आम्ही दोघं. तळेघरहून इथं यायचं तर घोडेगाव, मंचर, नारायणगाव करत दिवस मोडायचा. आता कोणाला सांगितलं तर म्हणतील, एकाच जिल्ह्यातलं गाव की! पण तेव्हा मला परदेशी गेल्यासारखं वाटायचं. भाकरी बाजरीची, माती काळपट, आणि बोलणंसुद्धा जरा वेगळं.

आत्यांचे उपकार मी कधी विसरले नाही. पण उपकाराखाली राहणाऱ्या माणसाला नीट झोप लागत नाही, हेही तिथंच कळलं. पहिले काही महिने मी ताटात दुसऱ्यांदा कालवण वाढून घेतलं नाही. कोणी मोठ्यानं बोललं की वाटायचं, आपल्याबद्दलच चाललंय. कोणी काही बोलत नव्हतं, त्याचीही धास्ती वाटायची. मग एके दिवशी धीर करून आत्यांना विचारलं, "आत्या, न्हाणीमागं थोडी जागा पडीक हाय, तिथं काय लावू का?" त्या म्हणाल्या, "लाव की. इचारतीस काय!"

दोन बाजा मावतील एवढी पट्टी होती. मी आईसारखे ढीग घातले. त्या वर्षी आषाढात पाऊस चांगला पडला आणि माझे दोडके कुंपणावर असे चढले की मुलं मोजायची. माझ्या पट्टीशेजारीच जाऊबाईंचे वाफे होते, खोलगट, पाण्यानं भरलेले. त्यांची मेथी पाण्यात कुजली. आत्या ताटातला दोडका बोटानं उचलून म्हणाल्या, "पोरीच्या हाताला गुण हाय."

त्या दिवसापासून मी त्या घरात कोणीतरी झाले. निदान मला तसं वाटलं. माझ्या हातून ताटात काही पडत होतं. फुकट खाणारी म्हणून कोणी बोट दाखवणार नव्हतं. ती पट्टी हातातून जाऊ द्यायची नाही, एवढंच मी मनाशी धरलं.

जाऊबाईंना मी ताई म्हणायची. त्या ओतूरकडच्या, बागायतीतल्या. दहावीपर्यंत सायकलवरून शाळेत गेलेल्या. बियांच्या पाकिटावरचा मजकूर त्या उभ्या उभ्या वाचायच्या आणि मी तोच मजकूर बोट धरून वाचत असताना पाकीट कचऱ्यात गेलेलं असायचं. त्या हसल्या की अख्खं घर वळून बघायचं. माझा दोडका त्यांनी मागून घेऊन खाल्ला आणि "लई ग्वाड झाला गं" म्हणाल्या. हे मनापासून होतं की वरवरचं, यावर मी दोन दिवस विचार केला होता. असा माझा स्वभाव.

श्रावणानंतर पाऊस जो गेला तो फिरकला नाही. दोन हजार सालानंतरच्या त्या दुष्काळी वर्षांतलं हे एक वर्ष. फाल्गुनात मळ्यातल्या विहिरीनं तळ दाखवला. कांद्याच्या वाफ्यात मामा नुसते हात मागं बांधून फिरून यायचे. मग गावात टँकर सुरू झाला. तो गावच्या विहिरीत ओतला जायचा आणि बायका चारी बाजूंनी पोहरे सोडायच्या. डोक्यावरून जेवढे हंडे येतील तेवढ्यात माणसं आणि गुरं. झाडाचं नाव नाही.

मग आत्यांनी ठरवलं की न्हाणीचं पाणी झाडांना. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी मोरीतून मागं जायचं, तिथं त्याचे दोन फाटे होते, उजवा ताईंच्या वाफ्यांकडं आणि डावा माझ्या पट्टीकडं. मळ्यात सामाईक विहिरीवर भावकीच्या बाऱ्या असतात, तशाच आत्यांनी बाऱ्या लावून दिल्या. एक दिवस ताईंची बारी, एक दिवस माझी. ज्याची बारी नसेल त्या फाट्याला चिंध्यांचा बोळा. भाऊजी म्हणाले, "आता पानी सोडाया पाटकरी तेवढा नेमायचा राह्यला." आत्या म्हणाल्या, "तूच हो. न्हाईतर कुठं काय काम हाय तुला?"

आणि मग मी घरातल्या माणसांच्या आंघोळींवर डोळा ठेवायला लागले. हसू नका. ताईंच्या बारीला मुलं दोन-दोन तांबे जास्त घेतात, माझ्या बारीला हातपाय धुऊन पळतात, असं मला वाटायचं. मामा तर दिवसाआडच अंघोळ करायचे आणि त्यांचा दिवस नेमका ताईंच्या बारीवर पडायचा. मी यजमानांच्या मागं लागले.

"आज डोक्यावरनं घ्या. माझी बारी हाय."

"आगं, कालच तर घेतली डोक्यावरनं."

"काल ताईंची व्हती!"

"मंग मी काय माणूस हाय का रहाट?" असं म्हणून ते टॉवेल घेऊन जायचे. पण त्यांच्या अंगावरून यायचं ते काळं पाणी. ऑइल, ग्रीस, वर रॉकेलनं धुतलेले हात आणि मूठभर सोडा. माझ्या मिरचीच्या बुडाशी इंद्रधनुष्य पडायचं.

चैत्र लागला तशी ताईंची बाग हिरवी आणि माझी करपलेली. पाणी एकच, माती एकच, मध्ये हातभर मोरी. पलीकडं मेथी, कोथिंबीर, चार वांगी, पुदिन्याचा गालिचा, गवती चहाचं बेट, ओव्याची पानं. अलीकडं माझे ढीग, भेगा पडलेले, आणि त्यांच्या डोक्यावर चार-दोन पानं धरून बसलेली मिरची. सकाळी त्या खुरपं घेऊन बसल्या की मी मुद्दाम भांडी घासायला तिकडं तोंड करून बसायची. त्यांनी पुदिना खुडला की वास माझ्यापर्यंत यायचा. तो वास मला सोसायचा नाही. आत्या चहा टाकताना आतून ओरडायच्या, "दोन पानं आन गं गवती चहाची!" आणि हाक ताईंना असायची. पूर्वी "दोडका हाय का गं?" अशी हाक मला असायची.

मला खात्रीच झाली की ही बाई चोरून पाणी घालते. नाहीतर कसं शक्य आहे? एकदा त्या मळ्यात गेल्या असताना मी त्यांच्या वाफ्यात हात घातला. वर भुईमुगाच्या शेंगांची फोलपटं पसरलेली, खाली माती गार आणि ओली. माझ्या ढिगात बोट घातलं तर नखात धूळ. मी तो ओला हात कितीतरी वेळ तसाच धरून उभी राहिले. राग आला, रडू आलं, आणि त्या मातीचा वासही घेतला.

खरं तर त्यांनी मला माघातच सांगितलं होतं. "वाफा खोल कर गं. आन तुरीच्या तुरकाट्यांची सावली कर." पण मला वाटलं, हिची मेथी पावसात कुजली म्हणून आता माझं कुजवायला बघते. आमच्याकडं खोल जागी बी घालणारी बाई म्हणजे शहाणी नव्हे. मी "हो ताई" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ढीग आणखी वीतभर उंच केले.

पाडव्यानंतर टँकर दिवसाआड झाला. त्या दिवशी आत्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "आता भांडी राखंनं घासायची आन आंघोळी कमी. दोन बागा जगायच्या न्हाईत. आखितीला मी मागं येऊन बघंन. जी जगलेली आसंल तिला सगळं पानी. दुसरीनं नाद सोडायचा." ताई म्हणाल्या, "बरं." मीही म्हणाले, "बरं." पट्टी गेली तर मी परत पहिल्यासारखी होणार, ताटात बघून खाणारी.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठवडा राहिला असेल. दुपारची वेळ, घरात सगळे कलंडलेले. ताईंची बारी होती. मी मोरीपाशी गेले, डाव्या फाट्यातला बोळा काढला आणि उजव्याला घातला. एवढंसं काम. भांड्यांचं पाणी सरसर माझ्याकडं वळलं. मनात म्हटलं, इतके दिवस तिनं घेतलं, आता चार दिवस माझे. तिनं घेतल्याचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण तोवर मला पाहिल्यासारखंच वाटायला लागलं होतं. त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक बारीला मी तसंच केलं, आणि उन्हं कलायच्या आत बोळा जागेवर.

त्यांची मेथी माना टाकायला लागली. मी रोज बघायची. पान लवलेलं दिसलं की आत कुठंतरी गार वाटायचं, आणि लगेच भीती वाटायची. पण माझी मिरची काही सुधारली नाही. हे कसं, ते मात्र कळेना. दुप्पट पाणी पिऊन ती तशीच.

आखितीच्या सकाळी आत्या गुडघे धरत मागं आल्या. त्या दिवशी घरातल्या मोठ्या बाईनं वेलाचं पहिलं बी आपल्या हातानं घालायचं आणि नव्या माठातलं तांब्याभर पाणी वर ओतायचं, ही त्यांच्या घरची रीत. त्यांच्या हातात दुधीच्या बियांची पुरचुंडी होती. ताईंनी पहाटेच तीन खळगे करून ठेवले होते. मीही पहाटेच उठून तीन ढीग घातले होते, आजवरचे सगळ्यांत देखणे. हातानं थापून गुळगुळीत केलेले.

आत्या थांबल्या. "हे काय घातलंस, पोरी?"

"ढीग. बी लावाया."

मागं बाजेवर बसलेले भाऊजी म्हणाले, "मला वाटलं कुनाला पुरलं का काय!" मामासुद्धा हसले. यजमान खाली बघत होते.

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी ढिगाच्या डोक्यावर दोन बिया टोचल्या आणि तांब्या ओतला. पाणी गुळगुळीत मातीवरून चारी बाजूंनी खाली आलं, ढिगाला वळसा घालून कडेच्या चरातून गेलं आणि कुंपणाखालून बाहेर पडलं. आम्ही सगळे त्या पाण्याच्या मागं मागं बघत गेलो. कुंपणाच्या पलीकडं, वाटेच्या कडेला, हिरवंगार गवत उगवलेलं. शेजारची शेळी तिथं मान घालून चरत होती. अख्ख्या आळीत तेवढंच गवत होतं. माझं पाणी आणि ताईंचं पाणी, दोन्ही तिनं खाल्लं होतं.

"मायला, शेळीला बारी दिली की काय हिनं!" भाऊजी म्हणाले.

आत्यांनी काठीनं चर टोकरला. तो ओला होता. "काल बारी कुनाची व्हती?"

कालची बारी ताईंची होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंनी एकदा चराकडं बघितलं, एकदा मोरीकडं, मग माझ्याकडं. बोळ्याच्या चिंध्या मी घाईत उलट्या कोंबल्या होत्या, ते त्यांना दिसलं असणार.

"माझीच व्हती," त्या म्हणाल्या. "पन मी हिला दिली. हिची मिरची जळाया लागली व्हती."

"तू दिलीस? मंग तुझी मेथी का माना टाकून बसलीया?"

"दिली म्हनूनच की, आत्या."

आत्या तिच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. आता देऊ नगंस. पानी सगळं तुझ्याकडं." आणि मला, "ढीग मोड, पोरी. पाऊस पडंस्तवर ती जागा ऱ्हाऊ दे तशीच."

त्या आत गेल्या. मी न्हाणीच्या दगडावर बसले आणि पदर तोंडात धरून रडले. चोरी उघडी पडली असती तर मी कदाचित एवढी रडले नसते. चार शिव्या बसल्या असत्या, मीही मनात तिला चार दिल्या असत्या, फिट्टंफाट. पण तिनं मला वाचवलं होतं. बाग तिची, हसणं तिचं, दहावी तिची, आणि आता चांगुलपणाही तिचाच. मला ठेवलं काय होतं तिनं?

ताई खुरपं घेऊन आल्या. "रडून पानी वाया घालवू नगंस. लई कमी हाय गावात."

मी पदरानं तोंड पुसलं.

"उद्यापास्नं माझ्या वाफ्यात येत जा. मला एकटीला उरकत न्हाई."

उरकत होतं. चांगलं उरकत होतं. पण मी दुसऱ्या दिवशी गेले. कारण तिकडं गेले नसते तर माझ्या हातात फक्त भांडी उरली असती.

पंधरा दिवस मी तिच्या हाताखाली राबले. वाफा वीतभर खोल का, काठाला माती का चढवायची, फोलपटं किती जाड पसरायची, तुरकाट्यांवर जुनं लुगडं कुठल्या अंगाला बांधायचं, हे सगळं तिनं शिकवलं, तेही असं काही की जणू मला ठाऊकच आहे आणि ती नुसती आठवण करून देतेय. मी शिकत होते आणि जळत होते. तिनं कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात दिली की मला ती परत तिच्या हातात कोंबावीशी वाटायची. बोळ्याबद्दल तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आजतागायत नाही.

मग ओतूरला तिच्या भावाचं लग्न निघालं. ती, भाऊजी आणि मुलं आठ दिवसांसाठी जाणार. जाताना पदर खोचत ती म्हणाली, "बागंकडं बघ गं." बस. काय घाल, किती घाल, काही नाही.

एस.टी. गेली आणि मी मागं येऊन वाफ्यांच्या मध्ये उभी राहिले. सगळी बाग माझ्या हातात. मी खोटं बोलणार नाही, पहिला विचार जो आला तो चांगला नव्हता. आठ दिवस. काही करायलाही नको, नुसतं करायचं नाही. आल्यावर म्हणायचं, माणसंच नव्हती तर न्हाणीचं पाणी कुठून येणार? आणि कोणी दोष दिला नसता, कारण ते खरंच होतं. घरातली अर्धी माणसं गेली होती आणि पाणीही अर्धं झालं होतं. मी ओव्याचं एक पान तोडून चावत तिथंच बसले होते, तेवढ्यात आतून आत्यांनी विचारलं, "जमंल का गं तुला?" त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती मेथीची होती की माझी, ते मला कळलं नाही. मी म्हणाले, "जमंल."

मग मला तळेघरची चैत्रातली विहीर आठवली. पावसाच्या त्या गावात उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं. विहिरीच्या तळाला खडकाच्या फटीतून झिरपतं, तिथं खाली उतरून आम्ही पोरी वाटीनं हंडा भरायचो. एक हंडा भरायला सकाळ जायची. एक थेंब सांडला तर मागची बाई तोंड सोडायची. झाडाला पाणी घालणं मला येत नव्हतं, पण पाणी न सांडणं मला या घरातल्या कोणाहूनही जास्त येत होतं.

मी मोरीच्या तोंडाशी बादली लावली. पाटातून जाताना वाटेतच जिरणारं पाणी बंद. भांडी राखेनं घासून, कडेला निवळू दिलेलं पाणी वेगळं. तांदूळ धुतलेलं वेगळं. यजमानांना बजावलं, हात गॅरेजातच धुऊन या, इथं सोड्याचं नाव काढायचं नाही. मामांच्याही मागं लागले.

"मामा, आज आंघोळ करा की."

"काल केली की गं पोरी!"

"परवा केली. आन साबन नको."

"ऐका आता," मामा आत्यांना म्हणाले, "उन्हाळ्यात मला मेथीसाठी न्हायाचं हाय." पण न्हाले.

आणि मग उन्हं उतरली की मी वाटी घेऊन बसायची. फोलपटं बोटानं बाजूला, बुडाशी एक वाटी, फोलपटं परत वर. वांग्याला दोन, गवती चहाला एक, पुदिन्याला काठाकाठानं. सगळे वाफे व्हायला तास लागायचा. गुडघे दुखायचे. मी हे प्रेमानं करत होते असं म्हणणार नाही. प्रत्येक वाटीला मनात एकच असायचं, ती आली पाहिजे आणि तिनं बघितलं पाहिजे. तिला बोट ठेवायला एक पान सापडता कामा नये.

आठव्या दिवशी दुपारी ती आली. हातावर मेंदी, डोळे जागरणानं सुजलेले. पिशवी ओट्यावर टाकून थेट मागं आली. मी भांडी घासत बसले होते, मान वर केली नाही, पण कान तिकडंच. ती वाफ्याच्या कडेनं चालली. थांबली. वांग्याला फुलं आली होती, ती निघाली तेव्हा नव्हती. मेथी नवी फुटली होती. तिनं वाकून फोलपटं सरकवली आणि मातीत बोट घातलं.

"पानी कुठलं गं घातलंस?"

"न्हाणीचंच."

"एवढ्याशा पान्यावर? आमी तर चौघं न्हवतोच घरी."

"पाटानं न्हाई सोडलं. वाटीनं घातलं."

"वाटीनं!" ती हसली, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. "दवाखान्यात पेशंटला पाजत्यात तसं?"

"तसंच."

ती उठली. मोरीपाशी गेली, वाकून बादलीत बघितलं, मग दोन्ही फाट्यांकडं बघितलं, जणू कुठून तरी जास्तीचं पाणी येत असणार आणि ते तिला सापडत नव्हतं. ती नजर मला ओळखीची होती. तशा नजरेनं मी चैत्रभर तिच्या वाफ्यांकडं बघितलं होतं. परत येऊन म्हणाली, "पुदिना जरा जास्तच खुडलास, न्हाई?" पुदिन्याला मी हातही लावला नव्हता.

मला इतका आनंद झाला की लाज वाटली. लाज वाटली तरी आनंद गेला नाही.

तेवढ्यात आतून आत्यांची हाक आली, "चार काड्या कोथिंबीर आन गं!" ताई सवयीनं वाकली आणि तिनं जुडीला हात घातला. आत्या दारात आल्या, तिला बघितलं आणि म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे, आत्ताच आलीस, हातपाय धू. तिला सांगितलं मी. तिला ठाव हाय कुठनं काढायची त्ये."

ताईनं हात काढून घेतला. मी राखेचे हात पदराला पुसले आणि उठले. तिच्या बाजूनं जाताना ती जरा सरकली, मला वाट देण्यापुरती. मी बसले आणि मुळं न हलवता, एकेक काडी बघून, सावकाश कोथिंबीर काढली. गरजेपेक्षा जरा जास्तच सावकाश. ती मागं उभी होती आणि मला ठाऊक होतं, ती माझे हात बघतेय.